नवख्याच्या हाती काम

ईव्ह ऑनलाइन हा अवकाशयानांचा खेळ आइसलंडच्या सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केला. चीनमधली वेगळी आवृत्ती सोडली तर जगभरचे खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात, आणि ते विश्व निर्दय म्हणून ओळखलं जातं. दुसऱ्याचं यान फोडणं, माल लुटणं, विश्वासात घेऊन गंडवणं हे सगळं तिथल्या नियमांत बसतं. फुटलेलं यान परत मिळत नाही. महिनाभर खपून जमवलेलं मिनिटभरात जातं. साहजिकच एक समज रुजला होता, की नवा माणूस इथून पळतो तो या दांडगाईला कंटाळून. २०१५ मध्ये रेकयाविकला भरलेल्या फॅनफेस्ट या मेळाव्यात कंपनीच्या लोकांनी सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंच्या पहिल्या १५ दिवसांचा हिशेब मांडला, आणि तो या समजाला धरून नव्हता. त्यातल्या सुमारे ८५ टक्के जणांचं यान त्या काळात दुसऱ्या कुणी फोडलंच नव्हतं. बेकायदा हल्ल्यात बळी पडलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं. आणि ज्यांची यानं फुटली ते, न फुटलेल्यांच्या तुलनेत, खेळात जास्त काळ टिकले होते.

यावरून ‘नव्यांना मारा, म्हणजे ते टिकतील’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. जो धाडसाने बाहेर पडतो तोच मारला जातो, आणि धाडसी माणूस तसाही टिकण्याची शक्यता जास्त. तेव्हा मरण हे टिकण्याचं कारण आहे की दोन्हींचं मूळ स्वभावात आहे, हे नुसते आकडे सांगत नाहीत. मला या हिशेबात महत्त्वाचे वाटतात ते ८५ टक्के. पंधरा दिवस ते एका गजबजलेल्या विश्वात होते, आणि त्यातले बरेच जण कुणाच्याच खिजगणतीत नसावेत. ज्याचं यान फुटलं त्याच्याकडे निदान कुणाचं तरी लक्ष गेलं. कुणी त्याचा पाठलाग केला, कधी फोडणाऱ्यानेच मागाहून ‘असं उडवायला नको होतंस’ म्हणून दोन गोष्टी सांगितल्या. उरलेल्यांचं असणं आणि नसणं सारखंच राहिलं. नवखा खेळाडू सोडून जातो तो बहुतेक वेळा छळामुळे किंवा अवघडपणामुळे नाही. आपल्यावाचून इथे कुणाचंच काही अडत नाही, हे त्याच्या लक्षात येतं म्हणून. हे खरं असेल तर नव्यांचं स्वागत म्हणजे गोड बोलणं आणि माहिती पुरवणं एवढ्यावर भागणार नाही. पहिल्या आठवड्यातच त्याच्या हाती असं काम द्यावं लागेल, की जे त्याने केलं नाही तर इतरांना जाणवेल.

हे खेळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडं मागे जायला हवं. अनेकांनी एकाच वेळी एका कल्पित जगात पात्र बनून वावरायचं, ही कल्पना इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी घडवली. त्यांच्या मड या खेळात चित्रं नव्हती, सगळं वर्णन शब्दांत. पुरेसे गुण मिळवणारा खेळाडू विझर्ड व्हायचा आणि त्याला त्या जगावर अधिकार मिळायचे. म्हणजे जुन्या माणसाने जग सांभाळायचं ही प्रथाही तेव्हापासूनचीच. पुढे १९९६ च्या एका निबंधात बार्टल यांनी खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले. कुणी गुण आणि पातळ्या गोळा करतो, कुणी जगाचा कानाकोपरा धुंडाळतो, कुणी माणसांसाठी येतो, तर कुणाला दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात रस असतो. ही विभागणी आज सर्वांच्या तोंडी आहे, पण नवख्याच्या बाबतीत तिचा एक अर्थ दुर्लक्षित राहतो. तो या चारांपैकी कोण आहे हे त्याला स्वतःलाच अजून ठाऊक नसतं. जुना खेळाडू मात्र त्याला आपल्यासारखा समजून शिकवू लागतो. ज्याला डोंगरापलीकडे काय आहे ते पाहायचंय, त्याला तो सर्वांत चांगली तलवार कुठे मिळते ते सांगतो, आणि समोरचा मुकाट्याने लॉगआउट करतो.

काम देऊन शिकवणं म्हणजे नेमकं काय, याचा सर्वांत नेटका अभ्यास खेळांच्या बाहेर झालेला आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात युकातानमधल्या सुइणी, जहाजावर दिशा काढणारे नाविक, लायबेरियातले शिंपी अशा वेगवेगळ्या व्यवसायांत नवा माणूस कसा मुरतो ते तपासलं. लायबेरियातल्या शिंप्यांचा तपशील इथे फार उपयोगी आहे. तिथला उमेदवार आधी बटणं लावतो, कडा दुमडतो. मग शिवणीवर येतो. आणि कापड बेतणं सर्वांत शेवटी. कपडा बनतो त्याच्या नेमका उलटा हा क्रम आहे. त्यामागे शहाणपण आहे. बटण चुकलं तर उसवून पुन्हा लावता येतं, कापड चुकीचं कापलं तर ते गेलं. पण बटण लावणं हे सरावाचं खोटं काम नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावर जाणाऱ्या खऱ्या सदऱ्याचं ते बटण आहे. काम खरं, चुकीची किंमत कमी, आणि बसल्या जागेवरून पूर्ण कपडा कसा होतो ते दिसत राहतं, अशी ही तिहेरी सोय. ऑनलाइन खेळांच्या अभ्यासक कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर यांनी लिनिएज या खेळातलं शिकणं तपासलं तेव्हा त्यांनाही असंच आढळलं, की तिथला जाणता खेळाडू व्याख्यान देत नाही. नवख्याला बरोबर घेऊन प्रत्यक्ष मोहिमेतच शिकवतो.

ईव्हमध्ये या बटणाच्या जागी एक छोटं यान आहे. फ्रिगेट हा तिथला सर्वांत स्वस्त लढाऊ प्रकार. नवा खेळाडू काही दिवसांतच ते उडवू शकतो आणि त्यावर शत्रूच्या यानाला निसटू न देणारं यंत्र बसवू शकतो. मोठं यान शत्रूपर्यंत पोचेस्तोवर शत्रू दूर झेप घेऊन पसार होतो. त्याला अडकवून धरायला चपळ आणि स्वस्त असं कुणीतरी लागतं. या कामाला खेळाडू ‘टॅकल’ म्हणतात. म्हणजे दहा वर्षं खेळणाऱ्याच्या महागड्या यानाला शिकार मिळते ती दहा दिवसांच्या पोराने धरून ठेवली म्हणून. पोराचं यान बहुधा फुटतं, पण तेवढ्यात काम झालेलं असतं, आणि चांगल्या संघटना असं फुटलेलं यान स्वतःच्या खर्चाने भरून देतात. खेळाच्या रचनाकारांनी हे सगळं नव्यांसाठी म्हणून आखलं होतं का, याला फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते या फटीचा उपयोग ओळखणाऱ्या खेळाडूंना. ईव्ह युनिव्हर्सिटी ही संघटना २००४ पासून नव्यांना शिकवण्याच्या एकाच उद्देशाने चालू आहे. तिथे वर्ग होतात, जुने खेळाडू मार्गदर्शक म्हणून नेमले जातात, आणि तिने उभा केलेला विकी तिच्या शत्रूंसकट सगळा खेळ वापरतो. पण वर्गांइतकीच किंमत तिच्या मोहिमांना आहे, कारण तिथे विद्यार्थी खऱ्या शत्रूसमोर जातो.

२०१३ मध्ये ब्रेव्ह न्यूबीज ही संघटना आली तेव्हा तिने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे हरण्याची लाजच काढून टाकली होती. स्वस्त यानं घ्या, झुंडीने जा, फुटा, हसा, पुन्हा या. जुन्याजाणत्या संघटनांना हा पोरखेळ वाटला. मग त्यातल्या बड्यांनी स्वतःच नवख्यांसाठी शाखा काढल्या. गूनस्वॉर्मची कर्माफ्लीट आणि पँडेमिक लीजनच्या गोटातली पँडेमिक होर्ड ही त्यांची नावं. त्यांना एकाएकी दया आली असं मानायचं कारण नाही. नवी माणसं न घेणारी संघटना काही वर्षांत झिजते, हे त्यांना दिसलं. मला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट, ज्या स्वागतामागे स्वागत करणाऱ्याचाही लाभ आहे तेच दीर्घकाळ चालतं. निव्वळ चांगुलपणावर चालणारं स्वागत एका उत्साही माणसाच्या परीक्षा किंवा बाळंतपण आलं की बंद पडतं.

हीच गोष्ट फायनल फँटसी चौदा या जपानी खेळाने अगदी वेगळ्या वाटेने साधली. २०१० मध्ये आलेली त्याची पहिली आवृत्ती इतकी फसली की नाओकी योशिदा यांच्या हाती सूत्रं देऊन कंपनीने खेळ जवळजवळ नव्याने बांधला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा आणला. हा कथेचा खेळ आहे. नवखा वर्षानुवर्षांच्या मजकुरातून क्रमाने पुढे येतो, आणि त्या वाटेवरच्या डंजनांत, म्हणजे चौघांनी मिळून पार करायच्या मोहिमांत, त्याला जोडीदार लागतात. जुन्यांनी ती डंजनं शेकडो वेळा केलेली असतात. ते परत तिथे का जातील? रचनाकारांनी सोय केली, की जुन्यांना रोज अशा एखाद्या जुन्या मोहिमेत जाण्याबद्दल बक्षीस, आणि गटात कुणी ती मोहीम पहिल्यांदाच करत असेल तर बाकीच्यांना वरकड बक्षीस. मोहिमेच्या सुरुवातीला पडद्यावर सूचना येते, की तुमच्यात कुणीतरी नवीन आहे. ते नाव न घेता सांगितलं जातं, हे विशेष. इतर अनेक खेळांत ज्या क्षणी नवखा ओळखू येतो त्या क्षणी गटात कुरकुर सुरू होते. इथे त्याच्या येण्याने तिघांच्या पदरात काही पडतं. शिवाय नव्या खेळाडूच्या नावापुढे कोवळ्या अंकुराचं चिन्ह असतं. जपानमध्ये नवशिक्या वाहनचालकाने गाडीला हिरव्या-पिवळ्या पानाचं चिन्ह लावण्याची पद्धत १९७२ पासून आहे. हे त्याचंच भावंड. या चिन्हाचा अर्थ ‘जपून, हा शिकतोय’ एवढाच, आणि त्यामुळे नवख्याला चुकण्याआधीच चुकण्याची मुभा मिळून जाते. २०२१ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या अशाच दुसऱ्या खेळाकडून खेळाडूंचा लोंढा या खेळाकडे वळला आणि डिसेंबरात सर्व्हर इतके भरले, की कंपनीने खेळाची विक्रीच तात्पुरती थांबवली. ती जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. या गर्दीमागे कारणं अनेक होती, पण आल्यावर माणसं रमली त्यात या मांडणीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

याच खेळात याच प्रश्नावरचं एक फसलेलं उत्तरही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यात अधिकृत मार्गदर्शक आले. लढाईचा मार्गदर्शक व्हायचं तर हजार मोहिमा पार केलेल्या हव्यात, अनोळखी सहखेळाडूंकडून दीड हजार शाबासक्या मिळालेल्या हव्यात, आणि तिन्ही प्रकारच्या भूमिका, म्हणजे वार झेलणारा टँक, उपचार करणारा हीलर आणि मारा करणारा, अखेरच्या पातळीपर्यंत नेलेल्या हव्यात. अटी पूर्ण केल्या की नावापुढे मुकुटाचं चिन्ह लागतं आणि नव्यांच्या खास संवादवाहिनीत प्रवेश मिळतो. त्याशिवाय मार्गदर्शकांसाठी राखलेल्या मोहिमा दोन हजार वेळा पूर्ण केल्या की अॅस्ट्रोप नावाचा एक देखणा घोडा. वरवर पाहता यात खोट काढायला जागा नाही. प्रत्यक्षात काही वर्षांत त्या मुकुटाची खेळाडूंमध्ये टिंगल होऊ लागली. मुकुटवाला गटात आला की तो उद्धट असणार, खेळात कच्चा असणार, किंवा घोड्यासाठी घाईत असणार, असा एक पूर्वग्रहच तयार झाला. तो प्रत्येकाला लागू नाही. कित्येक मार्गदर्शक तासन्‌तास प्रश्नांना उत्तरं देत बसतात, आणि त्यांच्यावर या बदनामीने अन्याय झाला आहे. पण बदनामीचं मूळ अटींतच आहे. त्या अटी उमेदवाराने स्वतः काय मिळवलं ते मोजतात. त्याने कुणाला काय दिलं, त्याच्या हाताखालून गेलेला माणूस पुढच्या महिन्यात खेळत होता का, हे त्यांच्यात कुठेच येत नाही. शाबासक्याही अशा, की शांतपणे उपचार करत राहणाऱ्याला काहीच न शिकवता दीड हजार मिळतात. वरकड बक्षिसाची युक्ती नवख्याला उपयोगी ठरवते. मुकुटाची युक्ती मार्गदर्शकाला मोठं ठरवते. एकाच खेळातल्या या दोन योजनांची फळं इतकी निराळी निघावीत, यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणं कठीण.

यावर पहिला आक्षेप असा, की आता मार्गदर्शक हवाच कशाला? विकी आहेत, यूट्यूबवर प्रत्येक मोहिमेची चित्रफीत आहे, हवं त्याने बघून यावं. माहितीपुरतं हे खरं आहे. पण विकीवर बसत नाही ते गटातलं वागणं. टँक पुढे गेल्याशिवाय शत्रूला डिवचायचं नाही, लूट वाटताना कुणाचा हक्क आधी, चुकल्यावर ‘सॉरी’ म्हटलं की पुरतं की कारण सांगायचं, हे प्रत्येक खेळात आणि प्रत्येक गटात निराळं असतं. आणि ‘बघून यावं’ या सांगण्यात एक अट दडलेली आहे, की शिकणं आमच्या नजरेआड उरकून या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवण्याची सोय आणली, तेव्हा सोय खरोखर मोठी होती. तासभर गटासाठी हाका मारणं संपलं. पण दुसऱ्या सर्व्हरवरचा जोडीदार पुन्हा कधी भेटणार नाही म्हटल्यावर त्याला शिकवण्याचं कारणही संपलं. त्या खेळाने २०२० मध्ये नवख्यांसाठी वेगळं बेट आणि जाणत्या खेळाडूंची मदतवाहिनी सुरू केली ती यानंतर अकरा वर्षांनी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फार मदतीने खेळाडू पांगळा होतो. खेळातला अर्धा आनंद स्वतः धडपडून शोधण्यात असतो, आणि जुना खेळाडू आपल्या बळावर नव्याला भराभर वरच्या पातळीवर ओढून नेतो तेव्हा तो आनंद हिरावला जातो. हे मला पूर्ण मान्य आहे. विहिरीत पोहायला शिकवणारा पोराच्या पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधतो, पण हातपाय पोरालाच मारावे लागतात, आणि लाकूड कधी सोडायचं यातच शिकवणाऱ्याची परीक्षा असते. सिटी ऑफ हीरोज या २००४ मधल्या खेळाने यावर सुंदर तोडगा काढला होता. अनुभवी खेळाडू नव्या मित्राला आपला साथीदार करून घ्यायचा आणि मित्राची लढण्याची ताकद तेवढ्यापुरती त्याच्या जवळपास जायची. मित्र दोन पावलं मागे राहून जुन्याचा पराक्रम बघत बसत नसे, स्वतः लढत असे. कथेच्या खेळात तर मार्गदर्शकाचं पहिलं कौशल्य गप्प राहण्याचं. पुढच्या वळणावर कोण मरतं ते न सांगणं, आणि ‘सांगू का?’ असं आधी विचारणं.

काहीजण म्हणतील, सगळ्यांनाच संगत नको असते. तेही बरोबर आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवर जो शोधनिबंध सादर केला, त्यात खेळाडू बराचसा वेळ एकटेच खेळतात आणि भोवतालची माणसं त्यांना सोबत्यांपेक्षा प्रेक्षक म्हणून हवी असतात, असं दिसून आलं होतं. पण हा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. प्रेक्षक असणं हीसुद्धा एक जागा आहे. एकट्याने खाणीतून धातू काढून बाजारात विकणारा माणूस कुणाशी न बोलता इतरांच्या उपयोगी पडतो, आणि त्याच्या मालाला गिऱ्हाईक आहे हे त्याला दिसत असेल तर तो टिकतो. स्वागत म्हणजे दर पाच मिनिटांनी ‘कसं चाललंय?’ विचारणं नव्हे.

सर्वांत अवघड प्रश्न श्रमाचा आहे. खेळाडू खेळाडूला शिकवतात, टिकलेला खेळाडू दरमहा वर्गणी भरतो, आणि पैसा कंपनीकडे जातो. इंटरनेटच्या पहिल्या पिढीत हा वाद न्यायालयात गेला होता. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या चर्चाकक्षांत नव्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये दावा लावला. त्यांना वेळापत्रक होतं, अहवाल द्यावे लागत, आणि मोबदला म्हणजे फुकट खातं. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीने तो मिटला. अल्टिमा ऑनलाइन या खेळाच्या स्वयंसेवकांनीही अशाच मुद्द्यावर कोर्टाची पायरी चढली. माझ्या मते रेघ ओढता येते. स्वतःच्या संघटनेत नव्याला शिकवणारा स्वतःसाठीच जोडीदार तयार करत असतो. त्याला कुणी हजेरी लावायला सांगत नाही, आणि मन उठलं की तो थांबतो. पण जिथे कंपनी पाळ्या लावते, अहवाल मागते, चुकल्यास काढून टाकते, तिथे ती नोकरीच आहे आणि पगार द्यायला हवा. घोडा किंवा मुकुट हा पगार नव्हे.

आणि धोकाही आहे. नवख्याचा विश्वास हे सहज लुटता येणारं धन आहे. ईव्हमध्ये संघटनेत घेतो म्हणून सांगून नव्याची सगळी मालमत्ता उकळणं ही जुनी ठगी आहे. कंपनीला खेळ सुरू होतो त्या ताऱ्यांपुरता तरी नव्यांना छळायला बंदी करणारा नियम करावा लागला. पात्रामागचं माणूस चौदा वर्षांचं असेल तर मामला फक्त यानाचा राहत नाही. म्हणून शिकवणं शक्य तेवढं चारचौघांसमोर व्हावं, सामाईक वाहिनीत, जिथे तिसरा माणूस ऐकत असतो. एकांतात बोलावणाऱ्या गुरूवर संघटनेने आपणहून नजर ठेवावी. आवाजी संवादाचंही तसंच. नाशिक-कोल्हापूरचा मुलगा किंवा मुलगी इंग्रजी बोलणाऱ्या ताफ्यात शिरते तेव्हा मायक्रोफोन चालू करताच उच्चार, वय, लिंग सगळं उघडं पडतं. पहिले काही दिवस नुसतं ऐकण्याची आणि टाइप करून उत्तर देण्याची मुभा असली, की अनेकांचं पाऊल पुढे पडतं. फायनल फँटसीत ठरावीक वाक्यं जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनमध्ये आपोआप बदलून दाखवण्याची सोय आहे. त्यात आपली कुठलीच भाषा नाही, पण ‘मी इथे नवीन आहे’ हे न अडखळता सांगता येतं. वेळेचाही हिशेब हवा. ईव्हचं घड्याळ ग्रिनिचप्रमाणे चालतं, म्हणजे युरोपातल्या संघटनेने तिकडच्या रात्री नऊला ठेवलेला वर्ग मुंबईत मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतो. एखादा वर्ग भारतीय संध्याकाळी घेणारा माणूस शोधणं हे कुठल्याही स्वागतपर संदेशापेक्षा जास्त मोलाचं काम आहे.

मार्गदर्शकांची योजना आखणाऱ्यांना, मग ती कंपनी असो की तीस माणसांची गिल्ड, म्हणजे खेळाडूंची संघटना, मी एक बदल सुचवेन. मार्गदर्शकाने किती प्रश्नांना उत्तरं दिली, किती मोहिमा केल्या, हे मोजणं थांबवावं. त्याऐवजी त्याच्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी दुसऱ्या महिन्यात किती जण खेळताहेत, आणि त्यांतल्या कितींनी स्वतः एखाद्या नवख्याला मोहिमेवर नेलं, एवढंच पाहावं. हा आकडाही फुगवता येईल, हे मला मान्य आहे. ज्याला कुठलंही बक्षीस लावलं तो आकडा फुगवला जातोच. म्हणून त्याला घोडा लावू नये. तो फक्त मार्गदर्शकाला दिसावा, आणि गिल्डमधल्या ज्याला पुढचा मार्गदर्शक निवडायचा आहे त्याला. एखाद्याने एका वर्षात चारच जणांना हाताशी धरलं असेल आणि त्यातले तिघे आज टँक म्हणून गटापुढे उभे राहत असतील, तर पुढच्या निवडीत त्याचं नाव दोन हजार मोहिमावाल्याच्या आधी यावं.